एक नंबरची खोली

१

नथमल शेठच्या कोल्ड स्टोरेजमध्ये बारा खोल्या होत्या, पण एक नंबरची खोली नव्हती.

बाहेरच्याला हे कोडं वाटावं, बेल्ह्याच्या माणसाला वाटत नसे. धान्य मोजताना पहिल्या मापाला कुणी 'एक' म्हणत नाही. 'लाभ' म्हणायचं, मग दोन, मग तीन. शेठच्या घराण्याची हयात धान्याच्या मापांवर गेलेली. पुढं मुलगा पारस हट्टाला पेटला. द्राक्षं परदेशी जायला लागली, आता ज्वारी-बाजरीत काय राहिलंय, म्हणाला, आणि आळेफाट्याच्या रस्त्याला हे शीतगृह उभं राहिलं. शेठनी सगळं मुलाच्या मनासारखं होऊ दिलं. फक्त पेंटर नंबर टाकायला आला तेव्हा ते स्वतः खुर्ची टाकून समोर बसले आणि पहिल्या दारावर 'लाभ' लिहून घेतलं. शेजारच्या दारावर २. तिथून पुढं ओळीनं १२ पर्यंत.

"एक का म्हणायचं न्हाई हो, शेठ?" आरतीनं एकदा विचारलं होतं.

"वडील म्हणत नव्हते," शेठ म्हणाले. "त्यांना विचारायचं राहून गेलं."

आरती ही गोरखची बायको. गोरख मशिनं बघायचा: कॉम्प्रेसर, पंखे, दारं, थंडी कमी-जास्त करणं. आरतीनं लग्नाआधी जुन्नरला सहा महिने कॉम्प्युटरचा क्लास केला होता, तेवढ्या भांडवलावर ती ऑफिसात बसून कुठल्या खोलीत कुणाचा माल आला-गेला ते कॉम्प्युटरात भरायची. नवराबायकोला एका छताखाली काम आणि पाठीमागं राहायला दोन खोल्या, हे शेठनी न मागता दिलं होतं. आरती ते विसरणाऱ्यांतली नव्हती. सकाळी ऑफिस उघडताना ती उंबऱ्याला हात लावायची आणि गोरख हसायचा, म्हणायचा, शेठचं देऊळ बांधू का इथं.

ऑफिस पुढच्या टोकाला, लाभच्या दाराला लागून. तिथून लांबलचक बोळ, एका हाताला बारा जाड दारं, आणि पार शेवटी बारा नंबर. मशिनांची घरघर दिवसभर चालू असायची. नव्या माणसाचं डोकं उठायचं. आरतीला मात्र ती घरघर थांबली तरच दचकायला व्हायचं.

२

दोन हजार नऊच्या जानेवारीत शेठचे जावई आले. संयम त्यांचं नाव, शेठच्या रीनाचे यजमान, पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत मोठ्या जागेवर. माणूस साधा, कामाला वाघ. सासुरवाडीला आलेत तर पुरणपोळी खाऊन लोळावं की नाही! पण त्यांनी प्रत्येक खोलीत तापमान सांगणारं एकेक खोकं बसवायला घेतलं. म्हणजे दर दोन तासांनी गोरखनं आत जाऊन काटा बघायला नको. ऑफिसात बसून पडद्यावर सगळ्या खोल्या दिसतील.

खोक्यांबरोबर आलेला प्रोग्राम जुनाट निघाला, नव्या कॉम्प्युटरवर चालेना. तेव्हा जावईबापूंनी खऱ्या कॉम्प्युटरच्या पोटात सॉफ्टवेअरनं दुसरा, खोटा कॉम्प्युटर तयार केला. खोट्या वायरी, खोटा बोर्ड, त्या बोर्डला खोटी भोकं. आरती तोंडाचा आ करून बघत होती. प्रत्येक खोक्याला कारखान्यातूनच एक पत्ता दिलेला असतो, त्यांनी तिला सांगितलं, जगात तसा दुसरा नसतो. तो पत्ता खोट्या बोर्डवर नोंदवला की खोकं बोलायला लागतं.

"आणि जिथं खोकं नसेल तिथं?"

"तिथं सॉफ्टवेअर स्वतःच एक पत्ता घडवतं. नुसता जागा धरायला."

घोटाळा इथंच झाला. जावईबापू पुण्यात वाढलेले. 'लाभ ते बारा' असं त्यांना सांगितलेलं, आणि त्यांनी यादी केली ती लाभ, एक, दोन, तीन, अशी. बारा खोल्यांच्या तेरा ओळी झाल्या. 'एक'च्या ओळीला खोकं सापडेना, तेव्हा ते म्हणाले, एक खोकं पुण्यातच विसरलो बहुतेक, पुढच्या खेपेला आणतो. मग शेवटी बारा नंबरचं खोकं नोंदवायला गेले तर सॉफ्टवेअरनं हात जोडले. फुकटची आवृत्ती, बाराच पत्ते घेते. तेराव्याला जागा नाही.

ऑफिसात शेठ होते, गोरख होता, आरती होती. एक नंबरची खोलीच नाही हे तिघांनाही ठाऊक. गोरखनं तोंड उघडलं, तसा शेठनी त्याच्या मनगटावर हात ठेवला. जावयाची चूक चारचौघांत कोण काढणार? पुढच्या खेपेला रीनाच गोडीनं सांगेल, असा शेठचा हिशेब.

"बाराचं मी हातानं लिहून ठेवतो, जावईबापू," गोरख म्हणाला. "काय अडचण न्हाई."

अशानं अकरा खोल्या पडद्यावर आल्या, बारावीत गोरख दर दोन तासांनी वही घेऊन एकटा जाऊ लागला, आणि 'एक'च्या ओळीपुढं दोन आडव्या रेघा दिसत राहिल्या.

३

तीन आठवडे त्या रेघाच होत्या. फेब्रुवारीतल्या एका दुपारी आरती डबा खाऊन आली, पडद्याकडं बघितलं, तर 'एक'पुढं आकडा होता.

३६.९.

बाकी सगळ्या ओळी शून्याच्या आसपास. लाभ ०.६, दोन ०.४, तीन ०.५. मध्येच हा असा. तिला वाटलं, कुठलं तरी खोकं ऑफिसातच पडलंय आणि इथली हवा मोजतंय. टेबलाखाली बघितलं, कपाटामागं बघितलं. भिंतीवरच्या काट्यावर ऑफिसचं तापमान एकतीस होतं. तेही जुळेना.

तिनं पुण्याला फोन लावला.

"कचरा आकडा आहे तो," जावईबापू म्हणाले. "खोकंच नाही तर आकडा येईल कुठून? मुख्य वायर काढून परत लावा, जाईल."

तिनं वायर उपसली. लाभ गेलं, दोन गेलं, खालपर्यंत सगळीकडं रेघा आल्या. 'एक' तेवढा राहिला. ३६.८ झाला. थोड्या वेळानं पुन्हा ३६.९.

वायर हातात धरून ती उभी राहिली. आकडा ओळखीचा वाटत होता आणि आठवत नव्हता, ओळखीचा माणूस बाजारात भेटावा आणि नाव आठवू नये तसं. मग तिला लेकीचा ताप आठवला. आपल्याकडचं थर्मामीटर फॅरनहाइटमध्ये बोलतं. तिनं कॅलक्युलेटर ओढला. नवानं गुणलं, पाचानं भागलं, बत्तीस मिळवले.

अठ्ठ्याण्णव पूर्णांक चार. अंगात ताप नसलेल्या माणसाचा आकडा.

तिनं वायर परत लावली आणि दुपारभर त्या ओळीकडं बघायचं टाळलं.

४

"कुणाला तरी बरं वाटतंय म्हणायचं," गोरख रात्री जेवताना म्हणाला. "ताप असता तर काळजी व्हती."

"थट्टा करू नका."

"मग काय करू? नसलेल्या खोलीला कुलूप लावू?"

दुसऱ्या दिवशी मात्र तोच तिला बोळात घेऊन गेला. लाभचं दार आणि दोनचं दार यांच्यामध्ये हातभर भिंत. गोरखनं ती आतून-बाहेरून टेपनं मोजली. थर्माकोल, विटा, पत्रा, जेवढी असायला हवी तेवढीच भरली. आरतीनं कान लावला. घरघर ऐकू आली, ती तर सगळीकडंच यायची. तिनं कान काढला आणि पुन्हा लावला, कारण पहिल्यांदा लावला तेव्हा पत्रा जितका गार असायला हवा तितका गार लागला नव्हता. दुसऱ्यांदा गार लागला. मनाचे खेळ, ती स्वतःला म्हणाली. बाईमाणसानं दुपारी उपाशी राहू नये.

माणूस कशालाही सरावतो. आठ-दहा दिवसांत ती त्या आकड्यालाही सरावली. पहाटे ३६.४, दुपारी ३७ ला टेकलेला, तुमच्याआमच्यासारखाच. हमालांचा मुकादम गेणभाऊ माल मोजताना 'लाभ' म्हणून ओरडायचा तेव्हा तिची नजर नकळत पडद्यावर जायची. काही व्हायचं नाही. ती पुन्हा कामाला लागायची. मनातल्या मनात मात्र ती त्याला 'ते' म्हणायला लागली होती, 'तो आकडा' नाही.

५

बेल्ह्याच्या बाजाराचा दिवस होता. गेणभाऊला बैलजोडी बघायची होती, त्याच्यामागं सगळे हमाल गेले. शेठ आणि पारस कंटेनरच्या कामाला नारायणगावला. शीतगृहात आरती आणि गोरख दोघंच. दुपारी बारा वाजता लाइट गेली, लोडशेडिंग चारपर्यंत, जनरेटर धडधडत होता.

साडेबाराला गोरख वही काखेत मारून बाराकडं गेला. अंगात नुसता सदरा. दोन मिनिटांच्या कामाला जर्किन कोण घालतं!

आरती कंटेनरची यादी भरत होती. पाऊणला तिनं मान वर केली तेव्हा 'एक' ३६.५ होता. दुपारच्या वेळी इतका खाली तो कधी नसायचा. एक वाजता ३६.१. ती यादीकडं वळली. सव्वाला ३५.६.

तिचं डोकं तिला समजावू लागलं, आणि फार शहाण्यासारखं समजावू लागलं. कचरा आकडा आहे. जनरेटरवर वीज कमी-जास्त होते, त्यानं असेल. खोलीच नाही, तिथं कुणाला काय होणार? गोरखचं काय, तो जनरेटरपाशी बसला असेल, डिझेल बघत असेल. तिनं त्याला फोन लावला. लागला नाही. त्यात नवल नव्हतं, त्या भिंतींत रेंज कुठं असते?

पावणेदोन. ३४.८. आता तो तिच्यादेखत उतरत होता. ३४.७. ३४.६. ३४.५. ती उठली, बसली. कुणी हाक मारतंय आणि आपण ऐकू न आल्याचं सोंग करतोय, असं तिला वाटायला लागलं. त्या वाटण्याची तिला लाज वाटली, आणि लाजेनंच ती उठून बोळात पळाली.

लाभ आणि दोनच्या मधल्या भिंतीवर तिनं दोन्ही तळवे टेकले. पत्रा बर्फासारखा. इथं दार नव्हतं, खिडकी नव्हती. "कोन हाय?" ती ओरडली. घरघर तेवढी. आणि मग, ज्याला जागाच नाही त्याच्या दारात आपण उभ्या आहोत आणि आपलं माणूस कुठं आहे ते बघितलंच नाही, हे तिच्या ध्यानात आलं. ती बाराकडं धावली.

दार बंद होतं. बाहेरचा दांडा तिनं सगळा जोर लावून ओढला.

गोरख क्रेटच्या थप्पीला तोंड करून मांडी घालून बसला होता. आतला खटका बर्फ धरून अडकलेला, त्याच्या बोटांची सालं गेलेली. त्यानं मान वळवून तिच्याकडं बघितलं आणि एवढंच म्हणाला, "आलीस व्हय."

त्याला काखेत हात घालून उठवताना तिचा तळवा त्याच्या पाठीला लागला. सदरा गरम होता, नुकता इस्त्री केल्यासारखा.

६

आळेफाट्याच्या डॉक्टरांनी दोनदा विचारलं, नक्की किती वेळ आत होता? सव्वा तास, आरती म्हणाली. शून्य अंशात, पंख्याखाली, नुसत्या सदऱ्यावर? डॉक्टरांनी गोरखची बोटं पुन्हा तपासली, नशीबवान आहात म्हणाले आणि मलम लिहून दिलं.

गोरख तिसऱ्या दिवशी बोलला. अंगणात ऊन खात बसला होता.

"कुनीतरी व्हतं आत. माझ्या पाठीला पाठ लावून बसलं व्हतं."

आरती तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला.

"मी मागं बघितलं न्हाई," तो म्हणाला. "बघितलं असतं तर उठून गेलं असतं, असं वाटलं. लई ऊब व्हती गं. झोप याया लागली, म्हनून मोजायला लागलो, माप मोजत्यात तसं. मी 'लाभ' म्हनायचो, अन् 'दोन' म्हनायच्या आत मागनं कुनीतरी 'एक' म्हनायचं. हळू. म्हाताऱ्याचा आवाज म्हनावा तर तसा न्हाई, पोराचा म्हनावा तर तसाबी न्हाई. दर बारीला. एकदाबी चुकलं न्हाई."

तिनं सूप खाली ठेवलं आणि पदरात तोंड घालून रडली. भीती होतीच, पण रडू भीतीचं नव्हतं. आपला नवरा जिवंत उन्हात बसलाय, याचं होतं. पुढच्या चतुर्थीला दोघं लेण्याद्रीच्या सगळ्या पायऱ्या चढून गिरिजात्मजाला नारळ ठेवून आले. नमस्कार करताना मात्र तिला वाटत राहिलं, की आपण दुसऱ्याच पत्त्यावर आभार पोचवून चाललोय.

कारण त्या दिवशी गोरखला बाहेर काढलं तेव्हा 'एक' ३३.२ वर होता, आणि तो पुन्हा वर आलाच नाही. रोज थोडा थोडा उतरत होता. ३२. ३१.४. ३०.

७

जावईबापू धावत आले. आल्या आल्या त्यांनी गोरखचे दोन्ही हात धरले, डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. "तुम्ही मला तेव्हाच का नाही सांगितलंत?" शेठ खाली बघत राहिले.

त्यांनी प्रत्येक खोलीत आतून घंटा बसवली, खटके बदलले. मग पडद्यासमोर बसले. "आता हा 'एक' काढून टाकतो. त्याची जागा बाराला मिळेल."

"काढू नका," आरती म्हणाली.

"वहिनी, बाराच पत्ते बसतात. मर्यादा माझी नाही, सॉफ्टवेअरची आहे. बारा पडद्यावर यायची तर कुणीतरी जायलाच हवं."

ओळीत २८.७ होतं. तिनं आकड्यावर बोट ठेवलं. कसं सांगावं कळेना, तेव्हा जसं होतं तसंच सांगितलं. गोरखचं मोजणं, पाठीची ऊब, सगळं. जावईबापूंनी हसू दाबलं नाही, की हसलेही नाहीत. "आकडा का येतो ते मला अजून कळलेलं नाही," ते एवढंच म्हणाले.

"लाभ काढा," आरती म्हणाली. "लाभचं मी हातानं लिहीन."

आता सगळे शेठकडं बघायला लागले. यादीतून लाभ खोडायचा, हे त्या घरात कुणी बोललंही नसतं. शेठनी टोपी सारखी केली.

"ज्यानं माझा माणूस परत दिला त्याला घराबाहेर काढायचं न्हाई. लाभ काढा."

तेव्हापासून आरती दिवसातून तीनदा लाभमध्ये जायला लागली. गोरख दारात पाय अडकवून उभा राहायचा. काटा बघून वहीत लिहायला अर्धं मिनिट पुरतं, पण ती जर्किन, कानटोपी घालून जायची, रिकामा क्रेट पालथा घालायची आणि दोनच्या बाजूच्या भिंतीला पाठ टेकून बसायची. दहा मिनिटं. गारठा हाडापर्यंत जायचा. बाहेर येऊन बघितलं तर २८.७ चं २८.९ झालेलं असायचं.

पंधरा मिनिटं. वीस. २९. ३०.५. ३२. तिच्या पाठीत दुखायला लागलं, गोरख चिडला, पुरे म्हणाला. "तुमाला पुरे म्हनलं व्हतं का त्यांनी?" तिनं विचारलं. तो पुन्हा दारात पाय अडकवून उभा राहिला.

मार्चमध्ये एका सकाळी ती अशीच बसली होती. पाठीमागची भिंत त्या दिवशी भिंतीसारखी कडक लागत नव्हती. ती सावकाश बोलत होती, रोजच बोलायची. "तुमचं लई उपकार हायेत. माझं घर राखलंत तुमी. लेकीचा बाप राखलात." तोंडातून वाफ निघत होती, समोर जाऊन विरत होती. बोलणं संपवून तिनं ओठ मिटले. वाफ थांबली नाही. तिच्या उजव्या कानाजवळून, मागून पुढं, पांढरी वाफ येत होती, संथ, झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखी. मानेवर ऊब लागली.

पाठीला पाठ लावून बसलेल्याचा श्वास असा पुढं येत नाही. ते वळून बसलं होतं. तोंड तिच्याकडं होतं.

तिनं मागं बघितलं नाही. उठलीही नाही. ठरलेली वीस मिनिटं तिनं पुरी केली. बाहेर आली तेव्हा गोरख ऑफिसातल्या पडद्याकडं बोट दाखवत होता.

३६.९.

८

पारसनं शेवटी पूर्ण आवृत्ती विकत आणली. बारा पत्त्यांची अडचण कायमची मिटली. आता चौसष्ट. जावईबापूंनी सकाळी बसून सगळं नव्यानं मांडलं: लाभ, एक, दोन, तीन, पार बारापर्यंत. सगळे एका पडद्यावर, कुणाला बाहेर ठेवायला नको. शेठनी पेढे आणले. आरतीनं जावईबापूंना वाकून नमस्कार केला, ते संकोचून मागं सरले.

"खालच्या एक्कावन्न ओळी रिकाम्या आहेत," निघताना ते म्हणाले. "पुढंमागं खोल्या वाढवल्यात तर लागतील. पत्ते सॉफ्टवेअरनं घडवून ठेवलेत."

गाडी गेली. शेठ, पारस जेवायला गेले. आरती आणि गोरख दोघंच पडद्यासमोर उभे होते, नवं घर बघायला आल्यासारखे. 'एक' ३७ होता. तिला इतकं बरं वाटत होतं की तिनं त्या ओळीवरची धूळ पदरानं पुसली.

तेरापुढच्या रेघा गेल्या. २४.१.

चौदा, २२.७. पंधरा, १९. मग पाठोपाठ सोळा, सतरा, अठरा, जागा मिळेल तसे आकडे उमटत खाली निघाले, जत्रेत दार उघडल्यावर लोक आत येतात तसे, आणि प्रत्येक आकडा उमटल्या क्षणापासून उतरायला लागला. तीसपर्यंत गेले. चाळीसपर्यंत. बारा पत्त्यांच्या त्या मर्यादेबाहेर किती जण किती दिवसांपासून गारठत थांबले होते, ते आता ओळीनं दिसत होतं.

गोरखचा हात माऊसवर गेला. "बंद करू का?"

पळून जावं असं आरतीच्या सगळ्या अंगाला वाटत होतं. तिनं शेजारी बघितलं. गोरख उभा होता, त्याच्या बोटांवर नवी गुलाबी कातडी आली होती, श्वास चालला होता, सदऱ्याचं वरचं बटण नेहमीसारखं तुटलेलं.

"नका," ती म्हणाली.

सगळ्यात खाली, त्रेसष्टपुढं, ६.३ होतं. तिच्यादेखत ६.२ झालं.

"आधी हे घेऊ," ती म्हणाली. "यांच्याकडं येळ न्हाई."

"पर ही खोली हाय कुठं, आरते?"

"एक तरी कुठं व्हती?"

गोरखनं माऊस सोडला. खुंटीवरची दोन्ही जर्किनं काढली, एक तिच्या हातात दिलं आणि दुसऱ्यात स्वतः हात घालायला लागला.